पुरात बुडालेली बुलेट : गोठ्यातल्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

गाडी आली. चिखलीहून छोट्या हत्तीत घालून, कासऱ्यानं आवळून आणली. उतरवायला चार माणसं लागली आणि पाचवा सूचना द्यायला. पाचवा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत फुकट मिळतो.

एन्फिल्ड बुलेट, ३५० सीसी, मॉडेल १९७९. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, उसाच्या बिलातनं घेतलेली. तात्या २०१७ ला गेले. त्यानंतर गाडी सोप्यात ताडपत्रीखाली उभी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट, यावरून काय ते समजावं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं रिकामी झाली. आधी माणसं, मग जनावरं. बुलेटचा नंबर लागलाच नाही. ती आठवडाभर पाण्याखाली होती. जुलै २०२१ ला परत बुडाली, पण तोवर तिच्याकडं बघणारंही कुणी उरलं नव्हतं.

आजची अवस्था: किक जाम. क्लच जाम. गिअरचा पाय हलतो, पण आत काही होत नाही. दोन्ही टायर बसलेले, रिमला गंजाची पापुद्र्यागत सालं. हेडलाइटच्या वरचे ते दोन छोटे दिवे, ज्यांना पोरं टायगर लाइट म्हणतात, त्यातला एक खोलला तर आत वाळलेला गाळ, काचेच्या आकाराचा, मोदकासारखा साच्यातनं निघावा तसा अख्खा निघाला. तो ठेवून दिलाय.

चुलती म्हणाली होती, "पुरानं खाल्ली ती. आता काढून काय करणार?" उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

२१ जानेवारी

मागचा गोठा साफ केला. म्हशी जाऊन बारा वर्षं झाली तरी पावसाळी हवेत वास येतोच. दावणीच्या दगडावर फळी टाकून बाक केला. एक ट्यूबलाइट, एक व्हाइस, आजोबांची कानस.

फोटो काढले, दोनशेच्या वर. खोलताना वाटतं की सगळं लक्षात राहील. राहत नाही. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं शेपूट लावलं, प्रत्येक नट-बोल्टाला दह्याचा रिकामा डबा.

प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटो ट्रान्समिशनचं तेल, निम्मं-निम्मं, पार काठोकाठ ओतलं. आता आठ दिवस कुणी किकला हात लावायचा नाही, असा पाटीवर खडूनं हुकूम.

२४ जानेवारी

पान्यांची अडचण. हल्लीच्या गाड्यांचे दहा, बारा, चौदाचे पाने हिला लागत नाहीत. ही गाडी मुळात इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रासच्या कंपनीबरोबर करार होऊन तिरुवोट्टियूरला कारखाना झाला, पुढं साचे-हत्यारंही इकडं आली, आणि त्याबरोबर इंचातले आटेही आले. आपल्याकडचे जुने मिस्त्री हे सगळं सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तीन सुती दे" म्हटलं की हातात काय द्यायचं हे ज्याला कळतं, त्यानंच बुलेट खोलावी.

मेट्रिक पाना 'जवळपास' बसतो. त्या जवळपासनंच बोल्टाचे कोपरे गोल होतात. माझ्या आधी कुणीतरी हे भरपूर केलेलं दिसतंय. बाजारातल्या जुन्या हत्यारांच्या ढिगातनं सुताच्या पान्यांचा अपुरा सेट उचलला. एक पाना नाही, तो कानशीनं घासून करणार.

२८ जानेवारी, रविवार

इंजिन उतरवलं आणि खोललं. मोठा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

हेड निघालं. पिस्टन बोअरच्या मध्यावर अडकलेला. डिझेल खाली उतरलं नव्हतं, तसंच वर तरंगत होतं. एक व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार आणि तिथनंच पाणी शिरलं असणार, कारण पिस्टनच्या डोक्यावर गाळाचा सपाट थर होता, तळ्याच्या तळासारखा, वाळून भेगा पडलेला. बाभळीचा ठोकळा पिस्टनवर ठेवून घणानं हलके हलके ठोके. हलके म्हणजे खरंच हलके, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. चाळीसएक ठोक्यांनंतर केसभर हलला. तोंडातनं शिवी निघाली, ती आनंदाची होती.

डावीकडचं प्रायमरी चेनचं कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं. दिसायला सुटसुटीत, पण तेल तिथनंच गळतं. बुलेटच्या खाली तेलाचा डाग नसेल तर आत तेलच नाही समजा, ही म्हण त्या नटामुळं आली असावी. तो नट काढला तर खाली वॉशर चामड्याचा! हातानं कापलेला, जाड, काळा, तेल पिऊन मऊ झालेला. कंपनीचा नक्कीच नाही. आणि कव्हरच्या आत, इतर सगळीकडच्या मानानं गाळ अगदी कमी. वॉशर बाजूला डब्यात ठेवला. डब्यावर लिहिलं: 'हे काय?'

उजवीकडचं टायमिंग कव्हर. आत क्रँकच्या टोकाला स्क्रूसारखा आट्यांचा एक नट असतो. तोच टायमिंगची गिअर धरतो आणि तोच तेलाचे पंप फिरवतो. त्याचे आटे उलटे आहेत. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे ज्याला माहीत नसतं तो जोर लावतो, मग पाइप लावून जोर लावतो, मग छिन्नी घेतो. माझ्या नटावर छिन्नीचे सात घाव आहेत. कुणाचे ते माहीत नाही. तात्यांचे नसावेत असं मला वाटतं, आणि असं वाटण्याला माझ्याकडं कसलाही पुरावा नाही.

या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नसते. क्रँककेसच्या पोटातच मागे एक कप्पा असतो. त्याचा बोल्ट काढला तर आधी चहा आला, मग बासुंदी, मग नुसता चिखल. फेल्टचा ऑइल फिल्टर बोटानं चिवडला तर सुटा झाला. पंचगंगेचा गाळ इतका बारीक असतो की शेतकऱ्याला तो सोनं वाटतो. बेअरिंगमध्ये तो पॉलिश पेपरसारखं काम करतो.

बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवर बसणारं टोक: रॉड धरून वर-खाली केला, खेळ हाताला स्पष्ट लागला. क्रँक खोलावा लागणार.

४ फेब्रुवारी

गंज काढायचा कसा, यावर बरंच डोकं खाल्लं. ॲसिडची भीती वाटते, सँडब्लास्टिंग बारक्या भागांना नको. मग आठवलं की आपण कोल्हापुरात राहतो.

काकवी! दहा लिटर काकवी, नव्वद लिटर पाणी, प्लॅस्टिकचं पिंप. गंजका लोखंडी माल बुडवायचा आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. काकवीतली द्रव्यं गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढून नेतात, आणि खालच्या निरोगी लोखंडाला फारसं शिवत नाहीत. जगभर लोक यासाठी साखर कारखान्याची मळी वापरतात. आपल्याकडं कारखान्याच्या मळीला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, त्यामुळं ती भानगड नको. चुलतभावाच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर एक काहील करपलेली होती, ती काकवी मिळाली.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो: यात ॲल्युमिनियम आणि जस्ताचं काही घालायचं नाही, ते खाऊन टाकतं. कार्बोरेटर, क्रँककेस, हेड, लिवर हे सगळं बाहेर. आत घातलं ते: मडगार्डच्या पट्ट्या, स्टँड, बॅटरीचा कप्पा, चेनकव्हर, अॅक्सल, बोल्टांची जाळी आणि पेट्रोलची टाकी. टाकीत आधी मूठभर नट टाकून खुळखुळा करून गाळ सैल केला होता.

११ फेब्रुवारी

पिंपाला फेस आलाय. वास अख्ख्या बोळात. मुंग्या, गांधीलमाश्या. शेजारचे आजोबा दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा हळूच विचारलं, "कितीला देणार?"

१८ फेब्रुवारी

उद्यमनगर. सिलिंडर आणि क्रँक पिशवीत घालून लेथवाल्या मामांकडं. इथं तीन पिढ्या ऑइल इंजिनाची कामं झालीत. बुलेटचा एक सिलिंडर त्यांना किरकोळ.

बोअर गेजनं मोजलं. मूळ बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. हा आधीच वीस थाऊ ओव्हरसाइज केलेला निघाला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जिथं रिंगा चार वर्षं एका जागी बसल्या होत्या तिथं खड्डे पडलेत, नखाला लागतात. तीस थाऊमध्ये निघणार नाहीत, चाळीस करावं लागेल. मामा म्हणाले, "पिस्टन आधी आण. पिस्टनाच्या मापानं बोअर करतो. पाकिटावरच्या मापावर इस्वास ठेवू नगंस." लाख मोलाचं वाक्य. पाकिटावर चाळीस लिहिलेले दोन पिस्टन मोजले तर दोघांत फरक होता.

क्रँकबद्दल वाद. या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसतात, तरंगता बुश असतो. दाबाखाली येणाऱ्या तेलाच्या थरावर तो चालतो. मामांचं मत: "रोलरचा रॉड टाक, कटकट मिटंल." बरेच जण टाकतात, आणि पळवायची असेल तर रोलर बरा. पण तात्यांनी ही गाडी दुधाच्या किटल्या, पेंडीची पोती आणि बाजारच्या पिशव्या घेऊन पन्नाशीच्या आत चालवली. मीही तशीच चालवणार. तेल स्वच्छ असेल तर बुश टिकतो. बुशच सांगितला. मामांनी मान हलवली, ती होकाराची नव्हती.

२५ फेब्रुवारी

पिंपातनं माल काढला. मी असं काही आजवर बघितलं नव्हतं. पाइपच्या पाण्यानं धुतल्यावर काळसर राखाडी, कोरं लोखंड. बॅटरीच्या कप्प्यावर कारखान्यात ठोकलेले आकडे वाचता येतात. एका स्टँडवर जुन्या वेल्डिंगची ओळ स्पष्ट झाली, तीही चांगल्या हाताची.

टाकी मात्र फसली. तळाला टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं. काकवीनं पाडली नाहीत. गंजानं ती भरून ठेवली होती, काकवीनं खरं बोलून दाखवलं. पितळेचा डाग देऊन घेणार.

लगेच तेल फासलं. धुतल्यावर अर्ध्या तासात पुन्हा तांबूस झाक येते, तेवढाही वेळ द्यायचा नाही.

१० मार्च

चाकं. दोन्ही १९ इंची, टायर ३.२५ चे. पुढच्या हबमध्ये नेहमीप्रमाणे गाळ आणि बेअरिंगांचा चुरा.

मागचं हब खोललं आणि थांबलो. आत ग्रीस होतं. पिवळट, घट्ट, ठेचून भरलेलं, इतकं की पाण्याला जागाच उरली नव्हती. दोन पूर येऊन गेले आणि ती बेअरिंगं बोटावर गरगर फिरतात. धुऊन, पुन्हा भरून तीच बसवली. ड्रममध्ये मात्र लायनिंगचा पत्ता नाही, ते नवं लावावं लागेल.

तात्या दर दिवाळीला चाकं काढून ग्रीस भरायचे. आम्हा पोरांना हात बरबटवायला मिळायचे म्हणून आम्ही भोवती बसायचो. "भर अजून, भर," म्हणायचे. त्या वेळी वाटायचं उधळपट्टी आहे.

१७ ते ३१ मार्च

थोडक्यात. चेसिसला काळा रंग. पावडर कोटिंग नाही, कारण ते सुटलं की सालासारखं सुटतं आणि त्याखालचा गंज दिसत नाही. व्हॉल्व्ह, गाइड नवे. क्लच प्लेटा नव्या. गिअरबॉक्स आश्चर्यकारकरीत्या शाबूत, फक्त एक बुश. कार्बोरेटरचं शरीर पांढऱ्या भुकटीनं खाल्लेलं, नवा घेतला. जुन्याचे पितळी जेट चिंचेच्या पाण्यानं देव घासावेत तसे घासले आणि उगाच जपून ठेवले.

क्रोम नवं करायचं नाही असं ठरवलं. बायको म्हणाली, "एवढं करून जुनीच दिसणार?" हो. मागच्या मडगार्डला उजवीकडं एक खोलगट पोचा आहे. तो मला माहीत आहे कधीचा आहे. तेव्हा मी मागं बसलो होतो.

९ एप्रिल, गुढीपाडवा

इंजिन चेसिसमध्ये बसवलं. क्रँक दोन थाऊच्या आत सरळ करून मिळाला होता. टायमिंगच्या गिअरीवरच्या खुणा जुळवल्या.

इग्निशनचं टायमिंग हेड लावायच्या आधीच करून घेतलं. हेड लावल्यावर प्लगच्या भोकातनं स्पोक सोडून पिस्टन मोजतात, पण बुलेटचं ते भोक तिरकं, मग मापही तिरकं. हेड नसताना व्हर्नियर सरळ उभा राहतो. ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटची फट पंधरा थाऊ. आपोआप टायमिंग पुढं नेणारी वजनं मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी असेल तेव्हा पॉइंट उघडायला हवा. उघडला हे डोळ्याला कळत नाही. सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा आणि हलकेच ओढत राहायचं. ज्या क्षणी सुटेल तो क्षण. सिगारेट ओढत नसल्यामुळं पानपट्टीवर जाऊन एक मागावी लागली. पानपट्टीवाल्यानं चेहरा लक्षात ठेवलाय.

दुपारी चुलती आली, पुरणपोळ्या घेऊन. गोठ्यात डोकावली. मी डबे आवरत होतो. तिनं 'हे काय?' लिहिलेल्या डब्यातनं तो चामड्याचा वॉशर उचलला, उलटासुलटा केला.

"ह्ये तुझ्या तात्यांच्या पायताणाचं हाय."

"काय?"

"पायताण तुटलं तर टाकून दील का त्यो माणूस? तळ कापून डब्यात ठेवायचा. गाडीला लावायचा, पंपाला लावायचा. एकदा माझ्या कुकरला लावाय निघालावता."

कोल्हापुरी पायताणाचा तळ म्हणजे कमावलेलं कातडं. तेल पिऊन मऊ पडतं आणि फट बुजवतं. बाजारात मिळणारा रबरी वॉशर मी आणून ठेवलाय, तो बसवणार नाही.

चुलतीनं टाकीवर हळदी-कुंकू लावलं. टाकी अजून रंगायची होती, खाली नुसता लाल प्रायमर. काही बोललो नाही.

७ मे

मतदान करून आलो, सुट्टी. दिवसभर वायरिंग.

सहा व्होल्टच ठेवलं. बारा करून टाक, असं सगळे सांगतात. सहा व्होल्टचा हेडलाइट समईच्या बरोबरीचा असतो हे मला मान्य आहे. रात्री चालवणार नाही. अल्टरनेटरची कॉइल बल्ब लावून तपासली, जिवंत आहे. दोन वर्षांत दोनदा बुडालेली गोष्ट जिवंत निघाली तर तिला काढून कोपऱ्यात टाकायचं मन होत नाही.

टॅपेट: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, इंजिन पूर्ण थंड. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. याला गेज लागत नाही. बोटं लागतात, आणि धीर.

१९ मे, रविवार

सुरू केली.

पद्धत लिहून ठेवतो, पुढं माझ्या पोराला लागेल. चावी चालू. अँपिअरचा काटा बघायचा. पॉइंट मिटलेला असेल तर काटा डावीकडं झुकतो. डिकॉम्पचा, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारा, लिवर दाबून किक हळूहळू खाली न्यायची. पॉइंट उघडला की काटा मध्यावर येतो. तिथं थांबायचं. लिवर सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच, पूर्ण, मांडीतनं. घाईनं अर्धी किक मारली तर उलटी बसते आणि घोटा आठवडाभर आठवण काढतो.

अकराव्या किकेला फटका. चौदाव्याला धरली. धग, धग, धग. बोळातली पोरं धावत आली. शेजारचे आजोबा आले, यावेळी वेगळ्या आशेनं.

आणि मी पंधरा-वीस सेकंदांत बंद केली. रॉकरला तेल नेणाऱ्या पाइपाचा बॅन्जो बोल्ट मुद्दाम सैल ठेवला होता. तिथं तेल झिरपायला हवं. कोरडं ठाक.

पोरं म्हणाली, "काका, बंद का केली?" सांगून काय उपयोग. सगळे गेल्यावर बाकावर बसून राहिलो. बुशवर चालणारा बिग एंड, आणि तेल नाही. मामांची मान डोळ्यासमोर हलत होती.

२० ते २५ मे, संध्याकाळी

सोमवार: पंप काढले. दोन्ही ठीक. चकत्या काचेवर पेस्ट लावून मीच घासल्या होत्या, सपाट आहेत.

मंगळवार: टाकीच्या कप्प्यातनं तेल सुटतंय का? सुटतंय.

बुधवार: काही केलं नाही. चिडचिड.

गुरुवार: टायमिंग कव्हर पुन्हा काढलं आणि पॅकिंग हातात घेऊन उजेडात धरलं. सापडलं. हे पॅकिंग मी घरी कापलं होतं, जाड कागद कव्हरवर ठेवून, कडेनं गोल डोक्याच्या हातोडीनं टिचक्या मारत. बोल्टांची भोकं पाडली. टाकीतनं पंपाकडं येणारी तेलाची वाट याच सांध्यातनं जाते. त्या वाटेचं भोक पाडायचं विसरलो. चार महिने पुराच्या गाळाला शिव्या दिल्या आणि तेलाची वाट शेवटी माझ्याच हातच्या कागदानं बुजवली.

शनिवार: नवं पॅकिंग, सगळी भोकं, दोनदा मोजून. बसवायच्या आधी पंपात आणि क्रँकच्या टोकात तेलाच्या पिचकारीनं तेल भरलं. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

२६ मे

तिसऱ्या किकेला. बॅन्जोतनं तेल आलं, आधी फेसाळ, मग अखंड. बिग एंडचा आवाज नाही. पहिल्या वीस सेकंदांनी काय केलंय ते हजार किलोमीटरनंतर कळेल.

मामांना फोन केला. बुशबद्दल काही न बोलता ते म्हणाले, "तेल दोनशे किलोमीटरला बदल. मग पाचशेला. मग माझ्याकडं ये."

९ जून

टाकीला काळा रंग झाला होता. आज सोनेरी रेघा. जुन्या बुलेटच्या टाकीवरच्या रेघा कारखान्यातही ब्रशनं, हातानंच ओढत. स्टिकर लावायचा नव्हता. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर शोधून काढले. डिजिटल फलक आल्यापासून हातचं काम जवळजवळ गेलंय, आता ते ट्रकच्या मागचं लिहितात. खारीच्या केसांचा लांब ब्रश, रंगात थोडं तेल, करंगळी टाकीच्या कडेला टेकवलेली. श्वास रोखून एका दमात वरून खालपर्यंत. दोन्ही बाजू मिळून पंचवीस मिनिटं. डावी रेघ उजवीपेक्षा केसभर जाड आहे. त्यांनी स्वतःच दाखवली आणि विचारलं, "पुसून परत मारू?" नको म्हटलं.

१५ जून

कागदपत्रं. गाडी तात्यांच्या नावावर, वारस म्हणून चुलतीच्या नावावर करायची, त्यासाठी फॉर्म ३१. पंधरा वर्षांची मुदत केव्हाच संपलेली, नूतनीकरणाला फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेला 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आपल्याला लागू नाही. त्याला पन्नास वर्षं पुरी लागतात. हिची पंचेचाळीस. तरुण आहे अजून.

तपासणीत इन्स्पेक्टरनं चेसिस नंबर वाचायला काच घातली आणि म्हणाला, "एवढा स्पष्ट? नवीन ठोकला की काय?" काकवीची गोष्ट सांगितली. त्यानं माझ्याकडं बघितलं, नंबराकडं बघितलं आणि सही केली.

२३ जून

जोतिबापर्यंत. पन्नासच्या खाली. चढाला तिसऱ्यात नाराज झाली, दुसऱ्यात खूश. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकी खाली. बाकी गाड्यांची सवय असल्यानं दोनदा ब्रेक म्हणून गिअर दाबला. यात्री निवासाजवळ उभी केली तर एक गृहस्थ बराच वेळ बघून म्हणाले, "आमची विकली आम्ही." एवढंच बोलून निघून गेले. उतरताना पुढचा ब्रेक नावाला.

दोनशे किलोमीटरचं तेल बदललं. तळाला बारीक चिकट गाळाची रेघ. अजूनही.

खर्च, आजपर्यंत

बोअर, क्रँक, पिस्टन, व्हॉल्व्ह: १९,४००. टायर, ट्यूब, स्पोक, लायनिंग: ९,१००. कार्बोरेटर, वायरिंग, बॅटरी: ८,७५०. रंग, डाग, रेघा: ६,२००. काकवी: शून्य, पण गुऱ्हाळवाल्याला जोतिबाचा प्रसाद. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

२३ जुलै, मंगळवार

पाच दिवस पाऊस थांबलेला नाही. ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. चिखलीतली जनावरं सोनतळीला हलवायला सुरुवात झाली. दुपारी गेलो, बुलेटवर. मोटार नेली असती तर शहाणपणाचं झालं असतं.

चुलत भावानं ट्रॉलीत म्हशी चढवल्या, वर चाऱ्याच्या पेंढ्या. चुलती शेवटी आली. हातात देव्हारा फडक्यात गुंडाळलेला, दुसऱ्या हातात डबा. ट्रॉलीत जागा होती. तिनं ट्रॉलीकडं बघितलं, मग गाडीकडं.

"चालती का?"

"चालतीय."

"बंद पडली तर?"

"ढकलतो."

मागं एका बाजूला पाय टाकून बसली. देव्हारा मांडीवर. सोनतळीपर्यंत काही बोलली नाही. उतरल्यावर वाकून डावीकडच्या कव्हराखाली हात फिरवला, बोटं बघितली, पदराला पुसली.

२५ जुलै

पाणी ४३ च्या वर. चिखलीच्या घरात काय आहे ते कळायला मार्ग नाही. इकडं गोठ्यात गाडी आहे, जमिनीपासून दोन फुटांवर, दावणीच्या दगडावर फळ्या टाकून चढवलेली. शिवाजी पेठेत पाणी येत नाही, तरीही.

उरलेलं: पुढचा ब्रेक. हॉर्न. पावसानं सीटचं शिवण उसवलंय. चाकांत ग्रीस पुन्हा भरायचं, दिवाळीची वाट न बघता. चामड्याचा वॉशर: तेल गळत नाही, हात लावायचा नाही.